आकाश सर्वांसाठी खुले करणारा खगोलवेत्ता : कामीय फ्लामारियन

ग्रहणाच्या दिवशी किंवा एखादा धूमकेतू दिसू लागला की शहरातील मैदानात दुर्बिणी मांडल्या जातात. विद्यार्थी, गृहिणी, कामगार, सेवानिवृत्त नागरिक रांगेत उभे राहतात आणि एखादा जाणकार प्रत्येकाला नेमके काय पाहायचे ते समजावून सांगतो. भारतातील अनेक शहरांना हे दृश्य आता परिचयाचे आहे. दीडशे वर्षांपूर्वी मात्र वेधशाळा हे सामान्य माणसाला मज्जाव असलेले ठिकाण होते. आकाशाचा अभ्यास हा सरकारी वेधशाळांतील गणितज्ञांचा आणि स्वखर्चाने दुर्बीण बाळगू शकणाऱ्या मोजक्या श्रीमंतांचा विषय मानला जात असे. ही परिस्थिती बदलण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत फ्रान्सचे कामीय फ्लामारियन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ग्रंथ, व्याख्याने, नियतकालिक, वेधशाळा आणि हौशी निरीक्षकांची संस्था अशा सर्व मार्गांनी त्यांनी खगोलशास्त्र लोकांपर्यंत नेले. या कार्यात त्यांना मोठे यश मिळाले, तसेच लोकप्रियतेचे धोकेही त्यांच्या वाट्याला आले.

बादलीतील ग्रहण

फ्लामारियन यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८४२ रोजी ईशान्य फ्रान्समधील मोंतिन्यी-ल-र्वा या छोट्या गावी झाला. घरची परिस्थिती साधारण होती. शेतीशी नाते असलेल्या या कुटुंबाचे गावात किरकोळ वस्तूंचे लहानसे दुकान होते. चार भावंडांत कामीय सर्वांत थोरले. त्यांचे धाकटे बंधू एर्नेस्त यांनी पुढे पॅरिसमध्ये प्रकाशनसंस्था काढली आणि थोरल्या भावाच्या कार्यात तिचा मोठा उपयोग झाला.

९ ऑक्टोबर १८४७ रोजी फ्रान्समधून कंकणाकृती सूर्यग्रहण दिसले. त्या वेळी कामीय पाच वर्षांचे होते. आईने पाण्याने भरलेली बादली अंगणात ठेवली आणि मुलांना पाण्यातील प्रतिबिंबात ग्रहण दाखवले. पाण्यात ग्रहण पाहण्याची रीत आपल्याकडेही होती. डोळ्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ती आज योग्य मानली जात नाही. त्या दिवशी मात्र त्या बादलीने एका मुलाला आयुष्यभराचा विषय दिला. ग्रहण आधीच सांगता येते, म्हणजे आकाशाचे नियम माणसाला कळू शकतात, ही गोष्ट त्याच्या मनावर ठसली. १८५१ साली त्याने आणखी एक सूर्यग्रहण पाहिले आणि विश्वरचनेविषयीची पुस्तके मिळतील तेथून मिळवून वाचण्यास सुरुवात केली.

मुलाने धर्मगुरू व्हावे अशी आईची इच्छा होती. त्यानुसार कामीय यांचे शिक्षण लांग्र या जवळच्या शहरातील धार्मिक शाळेत सुरू झाले. परंतु कुटुंबाची आर्थिक घडी विस्कटली आणि आईवडिलांना उपजीविकेसाठी पॅरिस गाठावे लागले. काही काळाने कामीयही तेथे गेले. धातूवर नक्षी कोरणाऱ्या एका कारागिराकडे त्यांनी उमेदवारी पत्करली. दिवसभर काम आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात अभ्यास असा क्रम सुरू झाला. कामगारांसाठी चालणाऱ्या मोफत वर्गांतून त्यांनी गणित आणि इंग्रजी यांचे धडे घेतले. ज्ञान विनामूल्य मिळाले नसते तर आपण कारागीरच राहिलो असतो, ही जाणीव त्यांच्या पुढील कार्याच्या मुळाशी होती.

वेधशाळेत प्रवेश आणि बडतर्फी

अतिश्रमामुळे कामीय आजारी पडले. तपासण्यासाठी आलेल्या डॉक्टरांचे लक्ष उशाशी ठेवलेल्या एका जाड हस्तलिखिताकडे गेले. विश्वाच्या उत्पत्तीवरचा सुमारे पाचशे पानांचा तो ग्रंथ या उमेदवार मुलाने लिहिला होता. चकित झालेल्या डॉक्टरांनी त्यांची शिफारस पॅरिस वेधशाळेचे संचालक उर्बें लव्हेरिए यांच्याकडे केली. १८५८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, फ्लामारियन वेधशाळेत दाखल झाले.

लव्हेरिए हे त्या काळातील अत्यंत दबदबा असलेले नाव होते. युरेनसच्या गतीतील तफावतीवरून त्यांनी एका अज्ञात ग्रहाचे स्थान गणिताने काढले होते आणि १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेला जवळजवळ त्याच ठिकाणी नेपच्यून सापडला होता. गणिताचे हे सामर्थ्य वादातीत होते. मात्र त्यांच्या वेधशाळेतील नवशिक्यांच्या वाट्याला आकडेमोड येई आणि आकाश क्वचितच येई. तारे पाहण्याच्या ओढीने आलेल्या फ्लामारियन यांचे दिवस कोष्टके भरण्यात जाऊ लागले.

१८६२ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. पृथ्वीप्रमाणे इतर ग्रहांवरही जीवसृष्टी असावी, असे प्रतिपादन त्यात होते. कल्पना जुनीच होती, पण फ्लामारियन यांनी ती तत्कालीन खगोलशास्त्राच्या माहितीच्या आधारे आणि अत्यंत प्रवाही भाषेत मांडली. पुस्तक हातोहात खपले. वेधशाळेतील एका कनिष्ठ गणकाने अशा विषयावर लिहावे हे लव्हेरिए यांना रुचले नाही आणि फ्लामारियन यांची नोकरी गेली.

पुढे पंचांगविषयक गणिते करणाऱ्या एका सरकारी संस्थेत त्यांना काम मिळाले, परंतु त्यांच्या जीवनाची दिशा या बडतर्फीने निश्चित केली. वेधशाळेत राहून त्यांना मोजक्या तज्ज्ञांसाठी लिहावे लागले असते. आता त्यांनी वृत्तपत्रे आणि मासिकांतून सर्वांसाठी लिहिण्यास प्रारंभ केला. ज्या प्रकारच्या मोफत वर्गांत ते स्वतः शिकले होते, तशाच वर्गांत ते खगोलशास्त्र शिकवू लागले. पॅरिसमधील त्यांच्या जाहीर व्याख्यानांना गर्दी होऊ लागली. लव्हेरिए यांच्याशी झालेला दुरावाही कायमचा राहिला नाही. १८७० च्या दशकात फ्लामारियन यांना त्याच वेधशाळेच्या दुर्बिणीतून जोडताऱ्यांचे वेध घेण्याची संधी मिळाली. परस्परांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची त्यांनी तयार केलेली सूची १८७८ साली प्रसिद्ध झाली आणि अभ्यासकांना ती उपयुक्त ठरली. लोकांसाठी लिहिणारा हा लेखक वेधकार्यातही पारंगत होता, हे त्यावरून दिसून येते.

वातावरणाचा शोध

आकाश पाहायचे तर मधल्या हवेचे गुणधर्म जाणून घेतले पाहिजेत, या विचाराने फ्लामारियन १८६७ पासून फुग्यातून उड्डाणे करू लागले. उंचीनुसार तापमान व आर्द्रता कशी बदलते, वारे कोणत्या दिशेने वाहतात, ढगांच्या वर आकाशाचा रंग कसा दिसतो, याच्या नोंदी त्यांनी घेतल्या. १८७४ साली सिल्व्ही पेतिओ यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि लग्नानंतरचा प्रवासही या दाम्पत्याने फुग्यातूनच केला. पॅरिसहून निघालेला हा फुगा बेल्जियममधील स्पा या गावापर्यंत गेला. सिल्व्ही यांनी पतीच्या कार्यात अखेरपर्यंत साथ दिली. शिवाय १८९९ साली त्यांनी महिलांच्या पुढाकाराने शांतता आणि निःशस्त्रीकरणाचा पुरस्कार करणारी संघटना स्थापन केली.

वातावरणावरील त्यांच्या ग्रंथाच्या १८८८ च्या आवृत्तीतील एक चित्र आज जगभर ओळखले जाते. पृथ्वीच्या कडेशी पोहोचलेला एक प्रवासी आकाशाच्या घुमटातून डोके बाहेर काढून पलीकडील चक्रे आणि ज्वाळा पाहत आहे, असे ते चित्र आहे. अनेकजण ते मध्ययुगातील समजतात. प्रत्यक्षात ते या ग्रंथापूर्वी कोठेही आढळलेले नाही. लहानपणी कोरीवकाम शिकलेल्या फ्लामारियन यांचाच त्यात हात असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

एका ग्रंथाची किमया

फ्लामारियन यांची खरी कीर्ती १८८० साली पूर्ण झालेल्या ‘लोकप्रिय खगोलशास्त्र’ या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथाने झाली. आरंभी तो भागांच्या स्वरूपात प्रसिद्ध झाला, त्यामुळे पूर्ण ग्रंथाची किंमत एकदम देऊ न शकणाऱ्या वाचकांनाही तो घेता आला. बंधू एर्नेस्त यांच्या प्रकाशनसंस्थेने तो काढला आणि त्या ग्रंथाने संस्थेचीही भरभराट झाली. ‘फ्लामारियन’ हे नाव फ्रान्सच्या प्रकाशनव्यवसायात आजही प्रतिष्ठित आहे.

या ग्रंथाची रचना विचारपूर्वक केलेली होती. त्याचा आरंभ वाचकाच्या पायाखालच्या पृथ्वीपासून होतो. पृथ्वी फिरते म्हणजे काय, दिवस-रात्र आणि ऋतू कसे होतात, हे स्पष्ट झाल्यावर चंद्र येतो, मग सूर्य, त्यानंतर ग्रह, धूमकेतू व उल्का आणि शेवटी ताऱ्यांचे अफाट जग. जवळच्या आणि ओळखीच्या गोष्टीपासून दूरच्या आणि अनोळखी गोष्टीकडे जाणारा हा क्रम होता. गणिताची भीती वाटणारा वाचकही एकेक पायरी चढत दीर्घिकांच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचत असे. भरपूर चित्रे आणि रोजच्या जीवनातील दाखले ही या ग्रंथाची वैशिष्ट्ये होती. अकादमी फ्रान्सेज या मान्यवर संस्थेने त्याला माँतियाँ पारितोषिक दिले आणि त्याच्या एक लाखाहून अधिक प्रती खपल्या. त्या काळातील विज्ञानग्रंथासाठी हा खप अपूर्व होता.

या ग्रंथाच्या पुरवणीच्या स्वरूपात त्यांनी १८८२ साली दुसरा ग्रंथ काढला. नुसत्या डोळ्यांनी किंवा लहान दुर्बिणीने काय काय पाहता येते, याचे मार्गदर्शन त्यात होते. पहिला ग्रंथ वाचून झालेल्या वाचकाने खुर्ची सोडून अंगणात यावे, हा त्यामागचा उद्देश होता.

‘लोकप्रिय खगोलशास्त्र’चा इंग्रजी अनुवाद १८९४ साली प्रसिद्ध झाला. त्याचे अनुवादक जॉन एलार्ड गोर यांचा भारताशी जवळचा संबंध होता. हे आयरिश अभियंते पंजाबात सरहिंद कालव्याच्या कामावर होते. तेथील निरभ्र आकाशात लहान दुर्बिणीतून त्यांनी ताऱ्यांचे वेध घेतले आणि दक्षिण आकाशातील तारकांवरचे त्यांचे पुस्तक १८७७ साली लुधियाना येथे छापले गेले. हौशी निरीक्षक असलेल्या गोर यांनी हौशी निरीक्षकांच्या या पाठीराख्याला इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचवले, हा योग उल्लेखनीय होय.

ग्रहांच्या उपग्रहांची नावेही फ्लामारियन यांच्या लेखनाची आठवण देतात. नेपच्यूनच्या सर्वांत मोठ्या उपग्रहाला ट्रायटन हे नाव त्यांनीच सुचवले. १८९२ साली सापडलेल्या गुरूच्या पाचव्या उपग्रहाचे ॲमल्थिया हे नावही त्यांनी सुचवलेलेच आहे. पुढे ही दोन्ही नावे अधिकृत झाली.

ज्युव्हिसीची वेधशाळा

१८८२ साली एक अनपेक्षित घटना घडली. बोर्दो येथील मेरे नावाच्या एका धनिक वाचकाने फ्लामारियन यांच्या लेखनाने प्रभावित होऊन पॅरिसच्या दक्षिणेकडील ज्युव्हिसी येथील आपली वास्तू त्यांना भेट दिली. फाँतेनब्लोच्या मार्गावरील ही वास्तू पूर्वी टपालगाड्यांचे घोडे बदलण्याचा थांबा होती. १८१४ च्या मार्च महिन्यात पॅरिस शत्रूच्या हाती पडल्याची वार्ता नेपोलियनला येथेच कळली होती. त्या ऐतिहासिक वास्तूवर आता वेधशाळेचा घुमट उभा राहिला आणि त्यात २४ सेंटीमीटर व्यासाची दुर्बीण बसवण्यात आली. विज्ञानाच्या मार्गाने सत्याकडे, अशा आशयाचे लॅटिन वचन प्रवेशद्वारावर कोरले गेले.

येथे ग्रहांचे व जोडताऱ्यांचे वेध घेतले जात, धूमकेतूंची छायाचित्रे टिपली जात आणि हवामानाच्या नोंदी ठेवल्या जात. वनस्पतींच्या वाढीवर निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशाचा काय परिणाम होतो, याचेही प्रयोग झाले. ब्राझीलचे सम्राट दुसरे पेद्रो यांनी १८८७ साली येथे भेट दिली. तथापि ज्युव्हिसीचे खरे महत्त्व तेथे घडलेल्या निरीक्षकांत आहे. एजेन आंतोनियादी, फेर्दिनां केनिसे यांसारख्यांनी येथे काम केले. खासगी वेधशाळा ही शिकण्याची जागा बनली.

संस्था आणि तिची दारे

१८८२ सालीच फ्लामारियन यांनी ‘लास्त्रोनोमी’ हे मासिक सुरू केले. त्यामुळे गावोगावी विखुरलेल्या निरीक्षकांना परस्परांची ओळख झाली. एखाद्या शिक्षकाने किंवा औषधविक्रेत्याने आपल्या गच्चीवरून पाहिलेल्या सूर्यडागांचे चित्र येथे छापले जाऊ लागले. वाचक केवळ वाचक न राहता वेधकर्ता झाला.

२८ जानेवारी १८८७ रोजी पॅरिसमधील फ्लामारियन यांच्या निवासस्थानी मोजक्या मंडळींच्या बैठकीत फ्रान्सच्या खगोलशास्त्रीय संस्थेची स्थापना झाली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. या संस्थेचा नियम साधा होता. पदवी, पद किंवा राष्ट्रीयत्व यांची अट न घालता खगोलशास्त्राची आवड असलेल्या कोणालाही सभासद होता येत असे. स्त्रियांनाही प्रवेश होता. अनेक प्रतिष्ठित विद्वत्संस्थांनी त्या काळी स्त्रियांना दारे बंद ठेवली होती, हे लक्षात घेता ही बाब लहान नव्हती. स्त्रियांसाठी ठेवलेल्या संस्थेच्या पारितोषिकाचा पहिला मान पॅरिस वेधशाळेत काम करणाऱ्या डोरोथिया क्लुम्पके यांना मिळाला.

संस्थेने पॅरिसमध्ये ग्रंथालय आणि सभासदांसाठी छोटी वेधशाळा चालवली. ज्याच्याजवळ दुर्बीण नाही त्यालाही ती हाताळता येऊ लागली. नामवंत शास्त्रज्ञही या कार्यात सामील झाले. गणितज्ञ आंरी प्वांकारे यांनी अध्यक्षपद भूषवले. आंध्रातील गुंटूर येथून १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट अभ्यासणारे ज्यूल जान्सेन हेही अध्यक्ष झाले. तज्ज्ञ आणि हौशी यांनी एकाच सभागृहात बसावे, ही फ्लामारियन यांची कल्पना अशा रीतीने प्रत्यक्षात आली.

पृथ्वीचे फिरणे डोळ्यांसमोर

लोकांना तत्त्व सांगण्यापेक्षा दाखवावे, यावर फ्लामारियन यांचा भर होता. लेआँ फूको यांनी १८५१ साली पॅरिसच्या पँथिऑन या भव्य वास्तूच्या घुमटाला ६७ मीटर लांबीच्या तारेने २८ किलोग्रॅमचा गोळा टांगून पृथ्वीचे परिवलन सिद्ध केले होते. तो प्रयोग फार काळ चालू राहिला नव्हता. १९०२ साली फ्लामारियन आणि त्यांच्या संस्थेने त्याच ठिकाणी तो पुन्हा उभारला.

प्रयोग दिसायला अगदी सोपा होता. गोळा एका बाजूला ओढून दोऱ्याने बांधून ठेवायचा आणि दोरा जाळून तोडायचा, म्हणजे त्याला आडवा धक्का लागत नाही. मग गोळा डुलू लागतो आणि त्याच्या खालचे टोक वाळूच्या कडेवर खूण करत जाते. दर फेरीला खूण किंचित सरकलेली दिसते. दोलनाची पातळी बदललेली नसते. खालची जमीन, प्रेक्षक आणि ती इमारत यांच्यासह पृथ्वी फिरलेली असते. पॅरिसच्या अक्षांशावर ही पातळी तासाला सुमारे ११ अंश सरकते आणि एक फेरी पूर्ण व्हायला जवळपास ३२ तास लागतात. विषुववृत्ताकडे जावे तसा हा वेग मंदावतो. मुंबईच्या अक्षांशावर तीच फेरी पूर्ण व्हायला तीन दिवसांहून थोडा अधिक काळ लागेल. शाळेत पाठ केलेले विधान त्या दिवशी पॅरिसकरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहिले.

१९०४ पासून फ्लामारियन यांनी उत्तरायणाच्या अखेरच्या दिवशी, म्हणजे २१ जूनच्या सुमारास, आयफेल टॉवरवर सूर्योत्सव सुरू केला. वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसाचे निमित्त साधून तेथे व्याख्याने, संगीत आणि काव्यवाचन होत असे. टॉवरचे निर्माते ग्युस्ताव आयफेल आणि संगीतकार कामीय सें-साँस यांचा खगोलसंस्थेशी स्नेहसंबंध होता. विज्ञानाला सणाचे रूप दिल्यास लोक ते आपले मानतात, हे फ्लामारियन यांनी ओळखले होते. पहिल्या महायुद्धाने या उत्सवाची परंपरा खंडित केली.

मंगळाचे मृगजळ

लोकप्रियतेची दुसरी बाजू मंगळाच्या निमित्ताने समोर आली. १८७७ साली इटलीचे जोव्हान्नी स्कियापारेल्ली यांनी मंगळावर रेषांचे जाळे पाहिल्याची नोंद केली. त्यांनी वापरलेल्या शब्दाचा अर्थ नैसर्गिक प्रवाहमार्ग असाही होत होता, परंतु इतर भाषांत तो कालवे म्हणून रूढ झाला. कालवे म्हटले की ते खोदणारे कोणीतरी हवेत. इतर ग्रहांवर जीवन असावे असे तरुणपणापासून मानणाऱ्या फ्लामारियन यांना ही कल्पना आकर्षक वाटली. १८९२ साली त्यांनी मंगळाच्या तोपर्यंतच्या सर्व निरीक्षणांचा संग्रह असलेला बृहद् ग्रंथ प्रसिद्ध केला. निरीक्षणांचा इतिहास म्हणून तो मौल्यवान आहे. त्याचबरोबर मंगळावर प्रगत जीव असण्याचा संभवही त्यांनी त्यात मांडला. अमेरिकेत पर्सिव्हल लोवेल यांनी १८९४ साली वेधशाळा उभारून ही कल्पना कितीतरी पुढे नेली. परग्रहाशी संपर्क साधणाऱ्यास द्यावयाचे एक लाख फ्रँकचे पारितोषिकही फ्रान्समध्ये ठेवण्यात आले. त्यातून मंगळ वगळला होता, कारण तेथील रहिवाशांशी संपर्क साधणे फारच सोपे ठरेल, असे देणगीदार बाईंना वाटत होते.

या भ्रमाचे निराकरण ज्यांनी केले त्यांत फ्लामारियन यांच्याच वेधशाळेत घडलेले आंतोनियादी प्रमुख होते. ज्युव्हिसी येथे असताना त्यांनीही मंगळावर रेषा रेखाटल्या होत्या. १९०९ साली म्यूदों येथील ८३ सेंटीमीटरच्या मोठ्या दुर्बिणीतून अतिशय स्थिर हवेत पाहिल्यावर त्या सरळ रेषा नाहीशा झाल्या आणि त्यांच्या जागी विखुरलेले अनियमित ठिपके दिसले. अपुऱ्या तपशिलातून सरळ रेषा जोडण्याची मानवी डोळ्याची आणि मनाची सवय या कालव्यांच्या मुळाशी होती. फ्लामारियन यांचा इतर जगांतील जीवनावरचा विश्वास मात्र ढळला नाही.

धूमकेतू आणि धास्ती

१९१० सालचा हॅलेचा धूमकेतू ही त्यांच्या लोकशिक्षणाची कसोटी ठरली. मे महिन्यात पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाण्याची शक्यता होती आणि त्या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू असल्याचे वर्णपटाच्या अभ्यासातून दिसून आले होते. हा वायू पृथ्वीच्या वातावरणात मिसळून जीवसृष्टी नष्ट करू शकेल, असे मत वृत्तपत्रांनी फ्लामारियन यांच्या नावाने छापले. जगाच्या अंताच्या शक्यतांवर त्यांनी १८९४ साली कादंबरी लिहिलेली होती, त्यामुळे वाचकांना ते खरेही वाटले. प्रत्यक्षात शेपटीतील वायू इतका विरळ असतो की त्यापासून अपाय होण्याचा प्रश्नच नव्हता आणि खगोलवेत्त्यांनी ते वारंवार स्पष्ट केले. तरीही काही ठिकाणी लोकांनी दारे-खिडक्यांच्या फटी बुजवल्या आणि धूमकेतूवरच्या तथाकथित गोळ्याही विकल्या गेल्या. १८-१९ मे रोजी अपेक्षित क्षण आला आणि काहीही अघटित न होता निघून गेला.

एका तर्काचे भाकितात रूपांतर व्हायला मोठे नाव आणि ठळक मथळा पुरेसा असतो, हा या घटनेचा धडा होता. त्याच धूमकेतूने लोकांचे कुतूहलही जागवले. भारतात १९१० सालीच कलकत्त्यात खगोलशास्त्रीय संस्था स्थापन झाली आणि हौशी निरीक्षकांना एकत्र येण्याचे ठिकाण मिळाले.

मृत्यूनंतर काय, हा प्रश्नही फ्लामारियन यांना आयुष्यभर छळत राहिला. तरुणपणी ते परलोकविद्येच्या वर्तुळात वावरले. फ्रान्समधील त्या चळवळीचे प्रवर्तक आलां कार्देक यांच्या अंत्यविधीच्या वेळी १८६९ साली त्यांनी भाषण केले. अशा अनुभवांची वैज्ञानिक पद्धतीने तपासणी व्हावी, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी असंख्य हकिगती जमवल्या आणि त्यांवर ग्रंथ लिहिले, परंतु त्यातून विज्ञानाला मान्य होईल असा पुरावा हाती आला नाही. या छंदामुळे अनेक शास्त्रज्ञांनी त्यांच्याकडे साशंकतेने पाहिले.

अखेर आणि वारसा

१९१९ साली सिल्व्ही यांचे निधन झाले. त्यानंतर फ्लामारियन यांनी ज्युव्हिसीच्या वेधशाळेतील सहकारी आणि खगोललेखिका गाब्रिएल रनोदो यांच्याशी विवाह केला. ३ जून १९२५ रोजी ज्युव्हिसी येथे वयाच्या ८३ व्या वर्षी फ्लामारियन यांचे निधन झाले आणि वेधशाळेच्या उद्यानातच त्यांचे दफन करण्यात आले. गाब्रिएल यांनी पुढे अनेक वर्षे वेधशाळेचे आणि संस्थेचे कार्य सांभाळले. चंद्रावरील व मंगळावरील प्रत्येकी एका विवराला आणि एका लघुग्रहाला फ्लामारियन यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांनी सुरू केलेले मासिक आणि संस्था शतकाहून अधिक काळानंतरही कार्यरत आहेत.

त्यांच्या नावावर मोठा सैद्धांतिक शोध नाही. मंगळाविषयीचे त्यांचे अंदाज चुकीचे ठरले आणि परलोकविषयक लेखन मागे पडले. पण ज्या लोकांना त्यांनी दुर्बिणीपाशी आणले, त्यांनी पाहण्याची आणि पडताळण्याची सवय अंगी बाणवली. मंगळाचे कालवे मोडीत काढणारा निरीक्षक त्यांच्याच घुमटाखाली शिकला होता. लोकांना केवळ निष्कर्ष दिले तर त्यांतील चुकाही पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतात. पाहण्याचे साधन आणि पद्धत दिली तर चुका दुरुस्त करणारे हातही तयार होतात.

भारतातही या विचाराची परंपरा निर्माण झाली. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. १९७७ साली मुंबईत नेहरू तारांगण सुरू झाले. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी देशात बहुसंख्य लोक घराबाहेर पडले नाहीत. त्यानंतरच्या ग्रहणांच्या वेळी मात्र सुरक्षित चष्मे घेऊन मैदानात जमणाऱ्यांची संख्या वाढत गेली. हा बदल शाळाशाळांतून, गच्च्यांवरून आणि माळरानांवरून आकाशदर्शनाचे कार्यक्रम करणाऱ्या असंख्य कार्यकर्त्यांच्या श्रमाचे फळ आहे. दुर्बिणीपाशी उभे राहून पुढच्या माणसाला जागा करून देणारा प्रत्येक कार्यकर्ता, नकळत का होईना, फ्लामारियन यांचेच काम पुढे नेत असतो.